दगूमामांच्या बांधावरची कोरांटी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. आम्ल आणि अल्कली चाललं होतं. आमची शाळा एकलहऱ्याच्या बाजूला आहे, खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमचा मोबाइल टेबलावर सारखा वाजतोय." स्टाफरूममध्ये येऊन पाहिलं तर मामांच्या प्रवीणचे चार मिस्ड कॉल. लावला. तो एवढंच म्हणाला, "मंदाताई, अण्णा गेले. सकाळी गिलक्याच्या मांडवाला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले, आणि..." मी फोन ठेवला आणि निघाले. नाशिकरोडहून सीबीएस स्टँड, तिथून मखमलाबादची बस, एवढा प्रवास मी उभ्याने केला. जागा होती तरी. मामांच्या दारात माणसं जमली होती. मी आत जाऊन पाया पडले, मामीजवळ बसले, आणि थोड्या वेळाने उठून घरामागे गेले. मार्गशीर्ष लागला होता. बांधावरची कोरांटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी झाली होती आणि माश्या रोजच्यासारख्या कामाला लागल्या होत्या. क्षणभर मला त्यांचा रागच आला. मग वाटलं, मामा असते तर त्यांनीच मला आधी इकडे पाठवलं असतं.

मामांचं नाव दगडू. सगळा गाव दगूमामा म्हणे. सातपूरच्या एका कंपनीत ते मशीनवर होते, तिन्ही पाळ्या केल्या, आणि पाळीतून उरलेला वेळ घरामागच्या एक एकराला दिला. गिलकी (कुठे कुठे घोसाळी म्हणतात ती), दोडकी, कारली, कडेला झेंडू. मी मूळची विंचूरकडची. वडील कांदा मार्केटात हमाल, आई तिथेच निवडायला. बारावीनंतर मीही आईच्या शेजारी बसणार हे ठरल्यातच जमा होतं. मामा एका रविवारी एसटीने आले, जेवले, आणि हात धुता धुता वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरगी कांदे निवडायला नाय बसवायची. आमच्याकडं पाठवा. खाईल भाकर आमच्यासंगं." तीन वर्षं मी त्यांच्या घरी राहिले आणि गंगेपलीकडच्या (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) कॉलेजात बी.एस्सी. केलं. पाऊस असला की मामा रात्रपाळी करून आलेले असले तरी सायकल काढून मला बसस्टॉपपर्यंत सोडायचे. वडिलांच्या आणि आईच्या दोन्ही घरांत पदवी मिळवणारी मी पहिली. हे मी अभिमानाने लिहिते. अभिमान म्हटलं की काही जणांना फाजीलपणा वाटतो. त्यांच्या घरात आधीचे चार पदवीधर असतात.

शहाण्णव साली निकाल लागला. वनस्पतीशास्त्रात पहिला वर्ग. मामांनी पाळीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले, अगदी ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्या सुपरवायझरलासुद्धा. संध्याकाळी ओट्यावर बसून मला म्हणाले, "आता सांग बीएस्सी बाई, आपल्या शेतात काय चुकतंय?" मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, वीस वर्षं मातीत राबलेला, मला विचारतोय... मी त्या वेळी 'बघून सांगते' म्हणायला हवं होतं. पण ताजा निकाल होता. पुस्तकात 'तणे ही किडींची आश्रयस्थाने' असं वाचलं होतं. मी बांधाकडे बोट केलं आणि म्हटलं, "ते काटेरी रान आधी काढा मामा. रोग तिथूनच येतो."

ते रान म्हणजे काटेकोरांटी. कंबरेएवढी झुडपं, पानाच्या बेचक्यात सुईसारखे काटे, आणि पाऊस ओसरला की आश्विनापासून पौषापर्यंत पिवळी फुलं. आपल्याकडच्या डोंगराखालचीच ती, कुठून आणावी लागत नाही. दात दुखला की तिचा पाला चावायचा, एवढाच तिचा उपयोग गावात सांगतात. मामांच्या बांधावर ती त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, लावलेली होती. मामी चुलीपुढून म्हणाली, "आत्याबाईंनी लावलीय ती. काटा हाय म्हणून शेरडं आत येत नायत. आन् मी तर तिथं कधी रोग बघितला नाय." मामा तिला म्हणाले, "तू बीएस्सी झालीस का?" ते थट्टेने म्हणाले, पण मला तेव्हा ते खरंच वाटलं, आणि बरंही वाटलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मामांनी कुदळ-टिकाव घेऊन सगळा बांध खणून काढला. मुळं खोल होती. हाताला फोड आले. काट्यांचा ढीग पेटवला तेव्हा मामी घरात होती, बाहेर आली नाही.

पहिल्या वर्षी फारसं काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, गिलक्याचा मांडव फुलांनी भरला आणि फळ मात्र धरेना. मादी फुलामागचं करंगळीएवढं गिलकं पिवळं पडायचं आणि गळायचं. कारल्याचं तेच. औषधाच्या दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या, त्या फवारल्या, मग तर आणखीच गळ झाली. मामी एकदा मांडवाखाली उभी राहून म्हणाली, "हितं पूर्वी आवाज असायचा गं. सकाळच्याला नुसतं गुणगुण गुणगुण. आता बघ कसं हाय." मी कान दिला. खरंच एकही माशी नव्हती. माश्या नाहीत म्हणून फळ धरत नाही हे मला कळलं होतं, पण तोंडाने म्हणवेना. मी फक्त मामीला नर फूल तोडून मादी फुलावर कसं टेकवायचं ते दाखवलं. गिलक्याची फुलं सकाळी उमलतात, उन्हं चढायच्या आत हे उरकावं लागतं. मामी रोज सकाळी पदर खोचून मांडवाखाली फुलं टेकवत फिरायची. शेजारची सुमनकाकू बांधावरून ओरडायची, "काय गं, आज किती लग्नं लावली गिलक्यांची?" मामी म्हणायची, "तुझ्या पोराचं तेवढं राहिलंय."

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारायचं सोडलं. आधी घरात काही आलं, बियाण्याचं पाकीट असो की कंपनीचं पत्रक असो, 'मंदे, हे बघ काय म्हणतंय' असं व्हायचं. आता पाकीट दुकानदाराला दाखवायचे. जेवताना शेताचं निघालं की विषय बदलायचे, तेही माझा अपमान होऊ नये म्हणून. मी बी.एड. केलं, नोकरीला लागले, पगार सुरू झाला, आईवडिलांना घर दुरुस्त करून दिलं. पण ज्या माणसाने मला कांद्यातून उठवून कॉलेजात पाठवलं, त्याला माझ्या शिक्षणाचा उपयोग एकदाच झाला होता आणि तो असा झाला होता. मला पगारवाढीपेक्षा जास्त एकच गोष्ट हवी होती. मामांनी मला पुन्हा काहीतरी विचारावं.

मग एका दिवाळीनंतर शाळेची सहल चामरलेण्यांच्या डोंगरावर गेली. मुलं वर गेली, माझा पाय मुरगळला होता म्हणून मी पायथ्याशी डबे राखत बसले. शेजारीच खडकाला धरून कोरांटीचं एक मोठं झुडूप होतं. आजूबाजूचं गवत वाळून गेलेलं, तेरडा संपलेला, आणि हे एकटं फुललेलं. त्याच्यावर एवढी ये-जा होती की मी डब्यांचं विसरले. पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्या, एका जागी तरंगत थांबायच्या आणि फुलात डोकं घालायच्या. काळे भुंगे. फुलपाखरं. एक शिंजीर येऊन दोनदा चोच घालून गेला. मी त्या माश्या कुठे जातात ते पाहत राहिले, तर त्या खाली मातीच्या उतारावर, लहान लहान बिळांत शिरत होत्या. मला मामांचा बांध आठवला. आम्ही नुसती फुलं काढली नव्हती. पावसाळ्यातली रानफुलं सरल्यावर त्यांना जे एक जेवण उरत होतं ते काढलं होतं, आणि कुदळीने घरंही उकरली होती. गिलकी गळण्याचं सगळं कारण तेवढंच असं मी आजही म्हणणार नाही. औषधांच्या बाटल्यांचा वाटा होताच. पण सुरुवात माझ्या बोटाने झाली होती.

मी त्याच रविवारी मखमलाबादला गेले. मामा सायकलचं पंक्चर काढत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मामा, त्या बांधाचं माझं चुकलं. मी पुस्तकातलं एक वाक्य वाचलं होतं आणि बांधाकडे नीट बघितलंही नव्हतं." मामांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी चौथी शिकलो. चूक झाली का गुरुजी काय म्हणायचे? परत लिहून काढ." मग ट्यूब पुसता पुसता, "पण ह्या टायमाला फोड तुझ्या हाताला येऊ दे."

आले. आषाढात मी चार रविवार सलग गेले. पायथ्याच्या झुडपांच्या वीतभर काड्या, दोन-दोन पेरं मातीत जातील अशा लावायच्या, हात-हातभर अंतर ठेवायचं. पाऊस चांगला असला की त्या बहुतेक धरतात, आणि एकदा धरल्या की उन्हाळ्यातही फार पाणी मागत नाहीत. बिळांसाठी मी बांधाचा एक उतार मुद्दाम उघडा ठेवला, त्यावर काही लावलं नाही, कुणाला खणू दिलं नाही. मामी ओट्यावरून बघायची. एकदा म्हणाली, "काढायला एक दिवस लागला आन् लावायला चार." बाकी ती काही बोलायची नाही, विचारायचीही नाही. शेण-मातीचा प्रश्न असो, कीड असो, ती तिचं तिचं करायची. तिचा राग नव्हता. माझ्यावर भरवसा नव्हता, आणि तो नसण्याला कारण होतं.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी झुडपं गुडघ्याच्या वर गेली, कळ्यांची चाहूल लागली, आणि मी शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं की दिवाळीत मामांचा बांध पिवळा होणार. दिवाळीत गेले तर बांध हिरवागार, एकसारखा, पट्टीने आखल्यासारखा. एक फूल नाही. मामा घरात दिसेनात. प्रवीण हसत होता. शेवटी मामा गोठ्यामागून आले आणि म्हणाले, "नवरात्राच्या आधी जरा नीट केलं. आमच्या कंपनीच्या गेटापाशी मेंदी कशी कापून ठेवत्यात, साहेब लोकांना लय आवडती... म्हटलं आपली मंदी येणार, तर..." भादव्यात, कळ्या धरायच्या वेळी, त्यांनी कंपनीच्या माळ्याकडून मोठी कात्री मागून आणली होती आणि माझ्यासाठी म्हणून सगळ्या कळ्या कापून टाकल्या होत्या. मी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, "एकीनं मुळासकट काढली, एकानं शेंड्यासकट. शिकलेली आन् न शिकलेला, दोघं सारखेच." मामा हसायला लागले, मलाही हसू आवरेना. हसणं थांबल्यावर मामांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि मला म्हणाले, "बरं मग, छाटायची कधी असती?"

चार वर्षांनी आलेला प्रश्न होता तो. या वेळी मी म्हटलं, "मामा, मी बघून सांगते." त्या वर्षी मी खरंच पाहिलं, पायथ्याच्या झुडपांवर फूल कधी सरतं, नवी फूट कधी येते. मग सांगितलं: संक्रांत झाल्यावर, फुलं सरली की गुडघ्यापर्यंत सगळी सारखी खाली घ्यायची, आणि त्यानंतर पुढच्या फुलापर्यंत हात लावायचा नाही. तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीनंतर मामांचा निरोप यायचा, आधी शेजारच्या दुकानातल्या फोनवरून आणि पुढे प्रवीणच्या मोबाइलवरून. "फुलं सरली, ये." मी रविवारी जायची. दिवसभर दोघं छाटायचो. पाचची बस असायची म्हणून मी निघायची आणि मामा म्हणायचे, "टोकाचं राहू दे, मी करतो सावकाश."

माश्या एकदम परतल्या नाहीत. एका आश्विनात निळ्या पट्ट्याच्या दोन दिसल्या, पुढच्या वर्षी उघड्या उताराला बिळं पडली. मामांनी औषध मारायचं बरंच कमी केलं, आणि मारलंच तर दिवेलागणीला, दोडका सोडून, बाकी फुलं मिटल्यावर. निवृत्त झाल्यावर तर ते सकाळचा चहा बांधावरच घ्यायचे. आयुष्यभर पाळ्या केलेला माणूस, त्यांनी माश्यांच्याही पाळ्या लावून टाकल्या होत्या. गिलक्यावर उजाडता येतात ती पहिली पाळी. उन्हं वर आल्यावर कोरांटीवर शिंजीर आणि फुलपाखरं, ती जनरल. दोडका संध्याकाळी फुलतो, त्यावर येणारे पतंग दुसऱ्या पाळीचे. काळा भुंगा फुलाच्या तोंडातून न जाता बुडाला भोक पाडून रस पितो, हे त्यांनी माझ्या आधी टिपलं. म्हणाले, "हा बघ, ह्याचं कार्डच पंच नाय. मागच्या गेटानं येतो, डबा खातो, चालला." मांडवाखाली मामीला फुलं टेकवायची गरज हळूहळू कमी झाली आणि एका वर्षी तिने पदर खोचलाच नाही. सगळी गिलकी धरतात असं नाही, पण सकाळी मांडवाखाली उभं राहिलं की बोलताना आवाज थोडा चढवावा लागतो. गावातले लोक आधी हसायचे, नंतर काड्या मागायला यायला लागले. मामा दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यात माती भरून कोरांटी तयार ठेवायचे, आणि देताना प्रत्येकाला बजावायचे, "भादव्यात कात्री लावायची नाय. आमच्या भाचीनं सांगितलंय." 'आमच्या भाचीनं सांगितलंय'... हे त्यांनी माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. तेराव्याला आलेल्या एका शेतकऱ्याने मला सांगितलं. त्याच्याही बांधावर आता पिवळं आहे म्हणे.

गेल्या रविवारी सकाळीच फोन आला. नंबर प्रवीणचा, आवाज मामीचा. तिने मला आजवर कधी फोन केला नव्हता. "मंदे, फुलं सरली," ती म्हणाली. "छाटायची ना? गुडघ्यापर्यंतच का आणखी खाली? मला नीट म्हाईत नाय. तू येऊन सांग." मी गेले. मामीने कात्रीला तेल लावून ठेवलं होतं. आम्ही दोघी विहिरीच्या बाजूने सुरू झालो. मी दाखवलं, तिने हात बसवला, आणि मग माझ्यापेक्षा भरभर ती पुढे गेली. दुपारी बांधावरच भाकरी खाल्ली. चार वाजून गेले तेव्हा टोकाची तीन-चार झुडपं राहिली होती. मी कात्री पुढे केली तर मामीने माझं मनगट धरलं.

"ती नाय. ती ते ठेवायचे."

मी म्हटलं, "अहो, 'टोकाचं मी करतो' म्हणायचे ते दरवर्षी."

"म्हणायचे. करायचे नायत. तू बस धरायला गेलीस का कात्री घरात. होळीपर्यंत ती तशीच राहायची. हितं जरा ओल असती, फूल उशिरापर्यंत येतं. म्हणायचे, सगळंच एका दिवशी कापलं तर मागून येणाऱ्यांनी खायचं काय?" माझं मनगट सोडून म्हणाली, "मी म्हटलं, मग पोरीला सांगा तसं. तर म्हणे, तिनं बघून सांगितलंय, बरोबर सांगितलंय. एवढं एक तिला दिसलं नाय, तर तेवढ्यासाठी तिला कशाला खाली पाडायचं."

मी त्या झुडपांकडे पाहिलं. माघ लागायला आला होता, बाकीचा बांध आम्ही नुकता उघडा केला होता, आणि तिथे पंधरा-वीस पिवळी फुलं होती. इतकी वर्षं माझं ऐकून, माझ्या नावाने गावाला सांगून, मामांनी जिथे माझं अपुरं होतं तिथे ते स्वतः पुरं केलं होतं, आणि मला कळू दिलं नव्हतं. मला वाटायचं, मामांनी मला पुन्हा विचारलं म्हणजे भरवसा परत आला. भरवसा त्याहून मोठा होता. त्यात माझी चूक सांभाळून घेण्याची जागाही होती.

मामी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या पुस्तकात काय म्हणत्यात? बरोबर हाय का त्यांचं?"

मी म्हटलं, "पुस्तकात हे नाही, मामी. पण बरोबर आहे."

"मग राहू द्यायची?"

"राहू द्यायची."

तिने कात्री मिटली आणि बांधावर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. पाचची बस वळणावर हॉर्न देऊन गेली, ती जाऊ दिली.